संगीतबाईंचा पाचचा तास

"घाबरू नका, आतली हवा संपत नाही," हे वाक्य ती दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी म्हणायची. लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या फोनखोलीत ती कामाला होती. शहरात कुठेही लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आतल्या माणसाने लाल बटण दाबलं, की फोन इथे वाजायचा. खोलीत सोळा टेबलं, प्रत्येकाला तिन्ही बाजूंनी करड्या कापडाचा आडोसा. तिचं टेबल चौदावं, म्हणून सगळे तिला चौदाच म्हणत. "चौदा, चहाला येतेस?" "चौदा, जरा माझा फोन घे, मी आलेच."

नियम एकच, पण कडक. मेकॅनिक पोचेपर्यंत अडकलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही. बोलत राहायचं, खालच्या आवाजात, सावकाश. समोरचा रडला तरी, ओरडला तरी, आईबापांचा उद्धार केला तरी. अठरा वर्षं ती हेच करत आली होती. दुपारी साडेतीनला पाळी संपायची तेव्हा घशात कुणी वाळू ओतल्यासारखं व्हायचं. घशाच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, "औषध देतो, पण खरं औषध म्हणजे घरी गेल्यावर गप्प बसत जा."

तिने हे घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एवढा शहाणा डॉक्टर होता तर तुमच्या लग्नाआधी कुठे गेला होता?" आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसल्या. सासूबाईंना कमी ऐकू यायचं. त्यामुळे घरातला टीव्ही शेजारच्या दोन बिऱ्हाडांना पुरेल एवढा मोठा असे. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. रात्री आठला यायचा, डोळे चोळत जेवायचा आणि कुशीवर वळायचा. माणूस चांगला होता, पण बोलण्यात चिक्कू.

आठव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत ती गाणं शिकली होती. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, नोकरी लागली. गाण्याशी तिचं काही वाकडं आलं नाही. आज नको, उद्या बसू, असं करता करता ते राहून गेलं. आता तर आवाज दिवसभर कंपनीकडे असायचा, आणि घरी यायचं ते नुसतं गळ्याचं खोकं.

तो खेळ मोबाईलमध्ये टाकून दिला मुलीने. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी निघाली होती. जाताना म्हणाली, "आई, आपण दोघी यात रोज भेटत जाऊ." खेळ म्हणजे एक शाळा होती. पडद्यावर इमारत, घंटा, वर्ग, मैदान. आणि देशोदेशी विखुरलेली, पण एकच भाषा बोलणारी माणसं त्यात कुणी विद्यार्थी, कुणी मास्तर, कुणी शिपाई होऊन वावरत. सगळं बोलणं लिहून. आपापली भूमिका सोडायची नाही हा पहिला नियम. अगदीच भूमिकेबाहेरचं काही बोलायचं असेल तर ते कंसात लिहायचं. शाळेच्या फळ्यावर चार महिने एक सूचना पडून होती: 'संगीत शिक्षक पाहिजे.'

"आई, तू कर ना अर्ज. बोलायला लागत नाही, घसा दुखायचा प्रश्नच नाही," मुलगी म्हणाली.

मुख्याध्यापकांनी तिची रीतसर मुलाखत घेतली. 'आपला अनुभव किती? शिस्तीबाबत आपलं धोरण काय? डबा वर्गात खाल्ल्यास काय कराल?' अशी भाषा की तिला वाटलं, हा गृहस्थ साठीचा तरी असणार. पुढे एकदा फळ्यावर सूचना लागली: 'मुख्याध्यापकांची स्वतःची वार्षिक परीक्षा असल्यामुळे शाळा आठवडाभर बंद राहील.' तेव्हा कुठे तिला कळलं की आपला साहेब आपल्या मुलीच्या वयाचा आहे.

मुलगी दोन महिन्यांत कंटाळली. नवं गाव, नव्या मैत्रिणी. तिला खऱ्या कॉलेजातूनच सवड मिळेना. आई मात्र तिथेच राहिली.

रोज पाच वाजता तास असे. स्वयंपाकघरात कपडे धुण्याच्या मशीनजवळ एक स्टूल होतं, त्यावर बसायचं, कानात इअरफोन घालायचे आणि वर्गात शिरायचं. वर्गाला एक खिडकी होती, खिडकीबाहेर झाड, आणि त्या झाडाचं एकच पान दर बारा सेकंदांनी गळायचं. फळ्याखाली सात रंगांच्या सात पट्ट्या. बाईंनी पट्टी दाबली की सूर सगळ्यांना ऐकू जाई. मग एकेका मुलाने तोच सूर आपल्या पट्ट्यांवर शोधून दाखवायचा. आधी एक, मग दोन, मग चारांची ओळ. एवढंच. पण सूर खरे होते, आणि घसा न वापरता ते हातात येत होते. पहिल्या दिवशी तिने तिसरी पट्टी दाबली आणि कितीतरी वेळ बोट उचललंच नाही.

पटावर नऊ मुलं होती. खोडरबर नावाची मुलगी हुशार आणि आगाऊ. पेंगुळलेला नावाचा एक, तो खरोखरच मध्येच गायब व्हायचा. आणि दप्तर.

दप्तर रोज यायचा. पहिल्या बाकावर बसायचा, हजेरीला 'उपस्थित, बाई' असं पूर्ण लिहायचा. पण सुराच्या नावाने बोंब. बाईंनी दुसरी पट्टी वाजवली की हा पाचवी वाजवणार. ताल धरायला सांगितला की सगळ्यांच्या मागून, वरातीमागून घोडं. आणि दर तासाला तोच प्रश्न: 'बाई, हा वरचा सूर की खालचा?' तिला कधी वाटायचं, पोरगं मुद्दाम चेष्टा करतंय. कधी वाटायचं, असेल एखादा ढ.

खेळ झाला तरी शाळा ती शाळाच. दर शनिवारी शिक्षकांची बैठक. रोज तासाची नोंद. 'संगीतबाईंनी गेल्या आठवड्यात दैनंदिनी भरलेली नाही,' असा मुख्याध्यापकांचा शेरा आला तेव्हा ती मशीनला टेकून एकटीच हसली. दिवसभर एक सुपरवायझर, संध्याकाळी हा दुसरा. हौसेने बैल होऊन मानेवर जू घेतलं म्हणायचं.

मग तो मंगळवार आला.

सकाळी नऊच्या सुमाराला एक बाई लिफ्टमध्ये अडकली. मेकॅनिकची गाडी वाटेत बंद पडली, दुसरा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. एक तास पन्नास मिनिटं ती बाई आत होती आणि एक तास पन्नास मिनिटं ही तिच्या कानाशी होती. सुरुवातीला ती बाई रडली. मग चिडली. मग तिने हिला जे बोलायला सुरुवात केली ते थांबेचना. तुम्ही चोर आहात, तुम्हाला लाज नाही, तुमच्या घरचं कुणी असं अडकलं पाहिजे. ही म्हणत राहिली, "मी आहे इथे. मेकॅनिक निघालाय. खाली बसून घ्या, पाणी असेल तर एक घोट घ्या." एकदाच, फक्त एकदाच, तिचा आवाज चढला: "अहो, मी तरी काय करू!" लगेच सावरला. शेवटी दार उघडलं. बाहेर पडताना ती बाई म्हणाली, "तुमच्या आवाजाची शिसारी आलीय मला. पुन्हा कानावर पडू नये," आणि फोन बंद झाला.

सुपरवायझरने दुपारी बोलावलं. ध्वनिमुद्रण ऐकवलं. "इथे आवाज चढलाय, चौदा."

"एक तास पन्नास मिनिटांत एकदा चढलाय."

"हो, पण चढलाय ना," तो म्हणाला. त्याचाही नाइलाज दिसत होता. त्याच्या वरही कुणीतरी बसलं होतं.

घरी आली तर मशीनची नळी निसटून स्वयंपाकघरभर साबणाचं पाणी. सासूबाई दारात उभ्या: "मी तुला हाका मारत होते!" ती घरात नव्हती तेव्हापासून मारत होत्या. तिने साडी खोचली, पाणी काढलं, फडकी पिळली. कंबर सरळ करेपर्यंत पाच वाजले. ओल्या फरशीवर स्टूल ठेवून ती वर्गात शिरली.

चार सुरांची सोपी ओळ होती. आठ जणांनी वाजवली. दप्तरने चुकवली. पुन्हा दिली, पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा त्याने लिहिलं, 'बाई, हा वरचा सूर की खालचा?'

तिची बोटं आपोआप चालली. 'दप्तर, काही लोकांना कान नसतोच. तुझ्यावर कितीही मेहनत घेतली तरी पालथ्या घड्यावर पाणी. वर्गाचा वेळ वाया घालवू नकोस. उद्यापासून शेवटच्या बाकावर बस आणि नुसतं ऐक. तेवढं तरी जमतंय का बघ.'

झाडाचं पान दोनदा गळलं. मग दप्तरचं पडद्यावरचं बाहुलं उभं राहिलं, बाकाबाहेर आलं, आणि पडद्याच्या तळाशी ओळ उमटली: 'दप्तर वर्गातून बाहेर गेला.'

तास संपवून ती उठली तेव्हा तिला वाईट वाटत नव्हतं. उलट हलकं वाटत होतं, उलटी झाल्यावर वाटतं तसं. वाईट वाटायला लागलं ते दुसऱ्या दिवशी, हजेरीच्या वेळी.

बुधवारी दप्तर नव्हता. गुरुवारी नव्हता. शुक्रवारी मुख्याध्यापकांनी तिला कार्यालयात बोलावलं. टेबलामागे त्यांचं बाहुलं ताठ बसलं होतं.

'बाई, मंगळवारच्या तासाबद्दल एका विद्यार्थिनीची तक्रार आहे. नियम अकरानुसार विद्यार्थ्याचा अपमान करण्यास मनाई आहे.'

'शाळेत मास्तर रागावतातच. मी भूमिकेबाहेर गेले नाही,' तिने लिहिलं. लिहिताना तिला सुपरवायझरचा चेहरा आठवत होता.

उत्तर आलं ते कंसात: '(बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?)'

तिने मोबाईल मांडीवर ठेवला. पुन्हा उचलला. असं कुणी विचारून किती दिवस झाले याचा हिशेब तिला लागेना. '(नाही,)' तिने लिहिलं. '(फार थकलेय मी.)' ते शब्द पडद्यावर दिसले तेव्हा तिला आश्चर्य वाटलं. घरात नाही, कामावर नाही, आणि कबुली दिली कुठे, तर न पाहिलेल्या पोरापाशी.

'(मग सुट्टी घ्या ना थोडी,)' मुख्याध्यापक म्हणाले. आणि लगेच कंसाबाहेर येऊन, 'रजेचा अर्ज तीन दिवस आधी द्यावा लागेल.'

दप्तर कोण, कुठला, हे खोडरबरला ठाऊक होतं. ती आगाऊ मुलगी प्रत्यक्षात एका दवाखान्यात औषधं देणारी बाई निघाली. तिने कंसात सांगितलं: '(ते बंदरात क्रेन चालवतात. वर केबिनमध्ये बसून असतात. जहाज लागेपर्यंत तास-तास थांबावं लागतं ना, तेव्हा आपल्या वर्गात येतात. तिथे वर नेटवर्कची बोंब आहे. आपण वाजवलेलं त्यांच्यापर्यंत उशिरा पोचतं. वयाने मोठे आहेत हो ते, बाई. सत्तावन्न.)'

म्हणजे तालात मागे पडायचा तो त्याचा दोष नव्हताच. आणि सत्तावन्न वर्षांच्या माणसाला तिने शेवटच्या बाकावर बसवलं होतं.

त्या शनिवार-रविवारी तिने शाळेच्या टपालपेटीत टाकायला पत्र लिहायला घेतलं. पहिल्या पत्रात तिने लिफ्टमधल्या बाईचं सगळं सांगितलं. वाचलं, तर ते पत्र माफीचं न होता तक्रारीचं झालं होतं. खोडलं. दुसरं इतकं गोड झालं की तिलाच ते फोनवरचं बोलणं वाटलं. तेही खोडलं. सासूबाई म्हणाल्या, "कुणाला एवढं लिहितेयस? लेकीला?"

"नाही. एकाला उगाच बोलले, त्याला."

सासूबाईंना या वेळी मात्र नीट ऐकू गेलं. "मग लांबण कशाला लावायची? चुकलं म्हणायचं नि मोकळं व्हायचं. लांबलचक माफी ऐकायला कुणी बसून राहत नाही," असं म्हणून त्या पुन्हा टीव्हीकडे वळल्या.

शेवटी तिने दोन ओळी पाठवल्या. '(मंगळवारी मी तुम्हाला बोलले ते चुकीचं होतं. राग दुसरीकडचा होता, तो तुमच्यावर काढला. माफ करा. तुमची जागा पहिल्याच बाकावर आहे.)'

उत्तर आलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. ती फोनखोलीत "हवा संपत नाही" म्हणत राहिली, घरी येऊन तास घेत राहिली. पहिला बाक रिकामा दिसायचा आणि त्याकडे बघायचं टाळताही येत नसे, कारण पडद्याच्या मधोमध तोच होता.

बुधवारी हजेरी घेताना तळाशी ओळ आली: 'दप्तर वर्गात आला.' बाहुलं नेहमीच्या जागी बसलं.

'दप्तर, आठ दिवस कुठे होतास?' तिने बाईंच्या आवाजात विचारलं, कारण दुसरं काही सुचेना.

'पोटात दुखत होतं, बाई.'

वर्ग हसला. तास झाला. बाकीचे गेले तरी दप्तर बसून राहिला.

'(पत्र मिळालं होतं,)' त्याने लिहिलं. '(लगेच उत्तर द्यायला जमलं नाही. लिहायला मला वेळ लागतो. शाळा फार झाली नाही माझी.)'

'(मला खरंच वाईट वाटतंय.)'

'(नऊ वर्षांचा होतो तेव्हा शाळेत सगळ्यांनी मिळून गायचा कार्यक्रम होता. बाई रांगेतून फिरत माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, तू आवाज काढू नकोस, नुसतं तोंड हलव. मी हलवलं. घरचे सगळे बघायला आले होते, त्यांना कळलंही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या वाटेने पाय वळेना. बाप म्हणाला, नको तर नको, चल कामाला. तसाच गेलो.)'

स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे दिसत होते, त्याकडे ती बघत राहिली.

'(तुम्ही बोललात तेव्हा तसंच झालं,)' तो पुढे लिहीत होता, शब्द सावकाश येत होते. '(पुन्हा उठून गेलो. चार दिवस वर केबिनमध्ये बसून स्वतःलाच म्हटलं, अरे, तेव्हा नऊ वर्षांचा होतास. आता सत्तावन्न. आता तरी परत जाऊन बघ.)'

'(बरं केलंत.)'

'(एक विचारू? खरं सांगा. मला सूर कळत नाही, हे खरं ना?)'

अठरा वर्षं तिने लोकांना धीर दिला होता. मेकॅनिक निघालाय, दोन मिनिटांत पोचतोय, काही होत नाही. ते सगळं तिच्या बोटांशी येऊन उभं राहिलं. तिने ते बाजूला सारलं.

'(ताल उशिरा येतो तो नेटवर्कमुळे. पण सूर तुम्हाला खरंच फारसा कळत नाही. वरचा कोणता, खालचा कोणता, हेच अजून लक्षात येत नाही तुमच्या.)'

त्याने लिहिलं: '(वाटलंच मला. इतकी वर्षं विचारायला कुणी नव्हतं.)' आणि थोड्या वेळाने: '(तरी बसलो तर चालेल ना वर्गात?)'

'(चालेल म्हणजे काय! बसा की.)'

पुढचे पाच महिने तिने त्याला चार सुरांची एकच ओळ शिकवली. त्याच्या वेळेला बाकीच्यांनी गप्प राहायचं, सूर पोचायला जेवढा वेळ लागेल तेवढा द्यायचा, असं ठरवून टाकलं. वर जाणारा सूर कसा, तर क्रेनचा आकडा वर जातो तसा. हे तिला त्यानेच सांगितलं, आणि मग ती तसंच शिकवू लागली. बहुतेक वेळा चुकायचंच. एका गुरुवारी मात्र चारही सूर बरोबर लागले. नेमकं तेव्हाच फळ्यावर वेळापत्रकातल्या बदलाची सूचना झळकली आणि सगळे तिकडे पळाले. तिने तेवढ्यात लिहिलं, 'बरोबर, दप्तर.' त्याने लिहिलं, 'काय बरोबर, बाई?' पुन्हा वाजवायला सांगितलं तर चुकलं.

तिची दमणूक काही कमी झाली नाही. कंपनीत लेखी तक्रारींच्या विभागात बदली मागितली, ती मिळाली नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. घसा तसाच. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, अजून खेळतेस तू ते? मी तर विसरूनच गेले होते." तिने नवऱ्याला एकदा जेवताना दप्तरची गोष्ट सांगितली. तो घास हातात धरून ऐकत राहिला आणि म्हणाला, "खरं सांगितलंस ते बरं केलंस. आमच्याकडे लोक विचारतात, नंबर वाढलाय का हो? आम्ही म्हणतो, थोडासाच." त्याच्या मानाने ते भाषणच झालं.

शेवटी तिने मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला, तीन दिवस आधी, नियमाप्रमाणे. 'प्रकृतीच्या कारणाने मंगळवार व शुक्रवारचे तास घेऊ शकणार नाही.' अर्जावर लाल शिक्का उमटून आला: 'मंजूर.' खाली कंसात: '(झोपा.)'

पहिल्या मंगळवारी पाच वाजता ती आडवी झाली. झोप लागली नाही. मशीन फिरत होतं, बाहेर सासूबाईंच्या मालिकेतलं कुणीतरी हंबरडा फोडत होतं, आणि तिला उगाच वाटत होतं, आपण कुणाचा तरी फोन मध्येच ठेवून आलोय. पावणेसहाला डोळा लागला. उठली तेव्हा अंधार पडला होता आणि नवऱ्याने भात लावला होता, जरा गिचका, पण लावला होता.

दुसऱ्या दिवशी कामावर निघण्याआधी, चपला पायात घालताना, तिने वर्गाची नोंदवही उघडली. कालचा तास खोडरबरने सांभाळला होता. खाली दप्तरने स्वतःच्या हाताने, तुटक-तुटक, लिहून ठेवलं होतं:

'बाई नाहीत. चार सूर वाजवले. चुकले. पुन्हा वाजवले. चुकले. जहाज आलं म्हणून गेलो.'

तिने त्यापुढे 'पाहिलं' असं लिहिलं, सही केली, आणि बस चुकू नये म्हणून जिना भराभर उतरली.